पट, पानें आणि पाटी

मालवण तालुक्यांतील मसुरे हें गांव कालावलच्या खाडीच्या आश्रयानें वसलेलें आहे. सन १७०१ मध्यें फोंड सावंतांनीं बांधलेला भरतगड त्याच्या माथ्यावर आहे, आणि भराडी देवीच्या यात्रेमुळें जिचें नांव मुंबईच्या चाळीचाळींतून ऐकूं येतें ती आंगणेवाडी याच गांवची एक वाडी. फाल्गुन-चैत्रांत काजूचा हंगाम आला म्हणजे या टापूंतील मुलांचा एक खेळ सुरू होतो. काजूच्या बिया ओळीनें मांडावयाच्या, कांहीं पावलांवर एक रेघ ओढावयाची, आणि हातांत एक जड, निवडक बी घेऊन नेम धरून ओळीवर मारावयाची. जितक्या बिया उडतील तितक्या मारणाराच्या. या खेळांत उसनवारी आहे, फेड आहे, नफा आहे, दिवाळेंहि आहे. शाळेंत तेराचा पाढा म्हणतांना ज्याला घाम फुटतो तेंच पोर येथें तीन गड्यांचें देणेंघेणें तोंडी संभाळतें, आणि त्यांत एका बीची चूक झाली तर ती चूक त्याच्या ध्यानांत आणून देण्यास मास्तरांची आवश्यकता पडत नाहीं.

विटीदांडूचें उदाहरण तर याहून मौजेचें आहे. वकट, लेंड, मूंड, नाल असे शब्द महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्यांच्या मुलांनीं विटी मोजतांना उच्चारलेले आहेत. हे शब्द मराठी नव्हेत. तेलुगु भाषेंतील एक, दोन, तीन, चार या अंकांशीं ते ताडून पाहिले म्हणजे तींच झिजलेलीं रूपें आहेत हें तेव्हांच कळतें. कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत ते नव्हते, कोणत्याहि परीक्षेंत त्यांवर प्रश्न आला नाहीं, आणि चुकल्याबद्दल कोणी छडी खाल्ली नाहीं. तरीहि एका भाषेचे अंक दुसऱ्या भाषेच्या मुलांच्या तोंडीं शतकानुशतकें टिकून राहिले. शाळेनें इतक्या टिकाऊपणानें कांहीं शिकविल्याचीं उदाहरणें फार थोडीं सांपडतील.

तेव्हां खेळांतून मूल शिकतें कीं नाहीं, हा वाद खरें पाहतां संपलेलाच आहे. खरा प्रश्न निराळा आहे. जें शिकवावें असें वडीलधाऱ्यांस वाटतें, नीति, धर्म, गणित, भाषा, आरोग्य, तें खेळांत मुद्दाम भरतां येतें काय? आणि भरलें तर तें आंत राहतें, कीं खेळ पुढें जातो आणि धडा वाटेंत गळून पडतो? या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासांत शोधतां येण्याजोगें आहे, कारण असा प्रयत्न येथें निदान तीन वेळां झालेला आहे: एकदां पटावर, एकदां पानांवर आणि एकदां प्रत्यक्ष शाळेंत.

आज मुलांच्या हातीं सापशिडी म्हणून जो रंगीत पुठ्ठा दिसतो त्याचा पूर्वज म्हणजे मोक्षपट. हा पट ज्ञानेश्वरांनीं रचला अशी आपल्याकडे परंपरा सांगते. परंपरा आदरणीय खरी, परंतु ती पुराव्याची जागा घेऊं शकत नाहीं. जे जुने पट उपलब्ध आहेत ते बहुधा अठराव्या शतकाच्या फारसे मागें जात नाहींत, आणि त्याच जातीचे पट गुजराथ व राजपुताना या प्रांतांतील जैनांमध्यें ज्ञानबाजी या नांवानें प्रचारांत होते. जैनांच्या पटाला पुष्कळदां ८४ घरें असत, वैष्णवांच्या पटाला ७२. प्रत्येक घरास एक नांव असे. कोठें काम, कोठें क्रोध, कोठें लोभ. दुसरीकडे दया, विवेक, भक्ति. कवड्या टाकून जें दान पडेल तितकीं घरें सोंगटी पुढें सरकावयाची. सद्गुणाच्या घरापासून शिडी वर नेई, दुर्गुणाच्या घरीं साप तोंड पसरून बसलेला असे, आणि सर्वांच्या वर वैकुंठ किंवा मोक्ष. सापांची संख्या शिड्यांहून पुष्कळदां अधिक असे. पट आंखणाराला जगाचा अनुभव बरा असावा.

या योजनेंत चातुर्य आहे यांत शंका नाहीं. अहंकार या शब्दाची व्याख्या मुलाला दहा वेळां सांगितली तरी तें ती एका कानानें ऐकून दुसऱ्या कानानें सोडून देईल. परंतु वैकुंठ चार घरांवर आलें असतां अहंकाराच्या घरीं पाय पडावा आणि सोंगटी थेट तळाशीं जावी, हें त्याला सहजासहजीं विसरतां येणार नाहीं. असें असलें तरी या खेळांत एक मोठें व्यंग आहे, आणि तें एखाद्या चौकस मुलाच्या ध्यानांत आल्यावांचून राहत नाहीं. सोंगटी दयेच्या घरीं पोंचली ती खेळणारानें कोणावर दया केली म्हणून नव्हे. कवडी उताणी पडली म्हणून. लोभाच्या घरीं जो उतरला त्यानें लोभ केलेला नसतो. कर्म आणि फळ यांचा संबंध शिकविण्यास निघालेल्या खेळांत खेळणाराच्या हातीं कर्मच ठेवलेलें नाहीं. दान म्हणजे प्रारब्ध, आणि प्रारब्धापुढें मनुष्याचें कांहीं चालत नाहीं हाच तर त्यांतला बोध, असें यावर एक उत्तर देतां येतें. तें उत्तर वेदांताच्या दृष्टीनें कितीहि समर्पक असो, आठ वर्षांच्या मुलाला 'शहाण्यासारखा वाग' असें सांगूं इच्छिणाऱ्या मातेच्या तें फारसें कामाचें नाहीं.

नीति अशा रीतीनें केवळ घरावर लिहिलेली होती, खेळाच्या चालींत मुरलेली नव्हती, म्हणूनच ती पुढें पुसली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडांत गेला. १८९२ च्या सुमारास लंडनच्या एफ. एच. आयर्स या खेळणीवाल्यांनीं तो तेथें विक्रीस काढला. आरंभींच्या इंग्रजी पटांवर त्या समाजाला प्रिय असलेले काटकसर, उद्योग, पश्चात्ताप यांसारखे गुण होते, आणि साप-शिड्यांची संख्या सारखी करून न्यायबुद्धीचें समाधान केलेलें होतें. पुढें तेहि गेलें. उरले ते एकापासून शंभरापर्यंतचे आंकडे. तोच शंभर घरांचा पुठ्ठा नंतर भारतांतहि घरोघर पोंचला, आणि ज्या देशांत मोक्षपट जन्मला त्या देशांतील मुलें मोक्षाचें नांवहि न घेतां शंभरीं गाठूं लागलीं. खेळाच्या रंगतींत तिळमात्र उणेपणा आला नाहीं. ही गोष्ट शिक्षकांनीं विचारांत घेण्यासारखी आहे: धडा काढून घेतला तरी खेळ जसाच्या तसा राहतो, तर धडा त्या खेळांत होता कोठें?

आतां पानांकडे वळूं या. मसुऱ्याच्याच जिल्ह्यांत, सावंतवाडीस, गंजिफ्याचीं पानें आजहि हातानें रंगविलीं जातात. हीं पानें वाटोळीं असतात. चिंचोक्याची खळ देऊन पृष्ठभाग तयार करावयाचा, त्यावर रंग आणि बारीक कुंचल्याचें काम, आणि वरून लाखेचा लेप, असा त्यांचा थोडक्यांत विधि आहे. खेळ मूळचा येथील नव्हे. बाबरानें १५२७ मध्यें सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या स्वतःच्या चरित्रांत आहे. मोगलांच्या प्रचारांतील गंजिफ्यांत आठ रंग व ९६ पानें असत, आणि ते आठ रंग म्हणजे दरबाराचाच पसारा होता: ताज, शमशेर, गुलाम, नाणीं, फर्मान इत्यादि. हिंदु चिताऱ्यांनीं या दरबाराला रजा दिली आणि त्याच्या जागीं विष्णूचे दहा अवतार आणून बसविले. रंग दहा झाले, पानें १२० झालीं. प्रत्येक रंगाचा एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अशीं साधीं पानें. राजा तोच त्या रंगाचा अवतार. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासव, परशुरामाच्या पानांवर परशु, रामाच्या पानांवर बाण, अशीं चिन्हें मोजावयाचीं. बादशाही खेळ धार्मिक कुटुंबांतून मोकळेपणानें खेळला जाण्यास ही युक्ति उत्तम होती. पत्ते कुटीत बसलेल्या म्हाताऱ्यालाहि आपण नामस्मरणच करीत आहोंत असें म्हणतां येई.

परंतु दशावतारी गंजिफा काय शिकवितो, हें पाहावयाचें असेल तर चित्रांपेक्षां नियमांकडे पाहिलें पाहिजे. खेळणारे तीन; प्रत्येकाच्या हातीं ४० पानें. हुकूम असा कांहीं प्रकार नाहीं. दिवसा खेळ असेल तर आरंभ ज्याच्या हातीं राम असेल त्यानें करावयाचा, रात्रीं असेल तर ज्याच्या हातीं कृष्ण असेल त्यानें. निम्म्या रंगांत राजा-प्रधानांच्या खालोखाल दहाचें पान मोठें आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या निम्म्या रंगांत याच्या बरोबर उलट, एक्का मोठा आणि दहा सर्वांत लहान. कोणत्या रंगांतील कोणतें पान पडून गेलें आणि आतां त्या रंगांत कोणतें पान वरचढ झालें, हें १२० पानांपुरतें डोक्यांत ठेवल्यावांचून या खेळांत गति नाहीं. पडलेलीं पानें उलटून पाहण्याची मुभा नाहीं. ज्यानें लहानपणीं हा खेळ मन लावून खेळला त्याची धारणाशक्ति वाढली असली पाहिजे, आणि ती अवतारांच्या चित्रांनीं नव्हे, नियमांनीं वाढविली. चित्रें काढून टाकून तेथें फळें किंवा पक्षी काढले तरी स्मरणाचा व्यायाम तितकाच राहील. उलटपक्षीं अवतारांच्या कथा मत्स्याचा दहा टाकल्यानें कोणालाहि कळलेल्या नाहींत. या जिल्ह्यांतील मुलांना त्या कळल्या, आणि अद्यापि कळतात, त्या जत्रेच्या रात्रीं देवळापुढें होणाऱ्या दशावतारी नाटकांतून. वेद चोरणारा संकासुर एकदां पाहिलेलें मूल वेद म्हणजे काय तें कदाचित् सांगूं शकणार नाहीं, पण ते चोरीस गेले होते हें जन्मभर विसरणार नाहीं.

छापील बावन पत्ते स्वस्त झाल्यावर गंजिफा मागें पडला. सावंतवाडींत ही कला अस्तास जाण्याच्या बेतांत असतां श्रीमंत शिवरामराजे भोंसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनीं तिला राजवाड्यांतच आश्रय दिला, आणि १९७१ मध्यें त्या कामासाठीं संस्था उभी राहिली. सत्वशीलादेवींनीं वृद्ध चिताऱ्याजवळ बसून तें काम स्वतः आत्मसात् केलें आणि मग तरुण कारागिरांस शिकविलें. त्या २०१८ मध्यें निवर्तल्या. त्यांच्या या उद्योगामुळें पानें वांचलीं. खेळ वांचला असें मात्र धाडसानें म्हणवत नाहीं. सुंदर पेटींतून तीं पानें पाहुण्यांस भेट जातात आणि दिवाणखान्यांत भिंतीवर शोभतात. तीन गडी मांडी घालून बसले आहेत आणि राम कोणाकडे म्हणून विचारीत आहेत, असा देखावा विरळा. मोक्षपटाचा खेळ राहिला आणि बोध गेला. गंजिफ्याचीं चित्रें राहिलीं आणि खेळ गेला.

तिसरा प्रयत्न शाळेचा. तो समजण्यास जुन्या शाळेचें स्वरूप डोळ्यांपुढें आणलें पाहिजे, आणि तें पुष्कळ कुटुंबांतून अद्यापि स्मरणांत आहे: घोकंपट्टी, एकसुरी पाढे आणि भिंतीला टेकविलेली छडी. युरोपांत फ्रेबेल यानें १८३७ पासून आणि माँटेसोरीबाईंनीं १९०७ पासून लहान मुलांच्या शिक्षणाला खेळाचें व साधनांचें अधिष्ठान दिलें होतें. तो विचार आपल्याकडे रुजविला तो वकिली सोडून शिक्षक झालेल्या एका गृहस्थानें. गिजुभाई बधेका यांनीं १९२० मध्यें भावनगरास दक्षिणामूर्ति संस्थेंत बालमंदिर काढलें. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकांत एक शिक्षक चौथीचा वर्ग वर्षभर गोष्टी, खेळ, नाट्य यांच्या साहाय्यानें चालवितो. व्याकरणासारखा रुक्ष विषयहि खेळांतून शिकवितो, आणि शेजारच्या वर्गांतील शिक्षक गलबल्याबद्दल तक्रार करतात. पुस्तक काल्पनिक असलें तरी ती तक्रार काल्पनिक नव्हे. ती आजहि ज्या त्या शाळेंत ऐकूं येते, आणि तक्रार करणारा शिक्षक दुष्ट असतो असें नव्हे. त्याच्यापुढें साठ मुलें, एक फळा आणि मार्चांतली परीक्षा असते.

१९२३ मध्यें भावनगरास एक मराठी बाई येऊन दाखल झाल्या. ताराबाई मोडक, माहेरच्या केळकर, या १९१४ सालीं मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झालेल्या. १९२६ मध्यें नूतन बाल शिक्षण संघ निघाला, १९३६ मध्यें मुंबईंत दादरला त्यांनीं शिशुविहार काढलें. तेथें काम चांगलें चाललें. साधनें होतीं, स्वच्छ कपड्यांतील मुलें होतीं, समजूतदार आईबाप होते. तेवढ्यावर त्या थांबत्या तर शिक्षणाच्या इतिहासांत त्यांना एक सन्मानाची ओळ मिळाली असती. परंतु १९४५ मध्यें, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, त्या दादर सोडून ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी या खेड्यांत गेल्या. त्याच सालीं बोरिवलीच्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरांत त्यांची आणि अनुताई वाघ यांची गांठ पडली. अनुताई तेराव्या वर्षीं विवाह आणि वर्षाच्या आंतच वैधव्य भोगून, स्वतःच्या जिद्दीनें शिकलेल्या शिक्षिका. त्या बोर्डीस आल्या त्या कायमच्याच.

खेड्यांत आल्यावर या दोघींच्या ध्यानांत जें आलें तें कोणत्याहि परदेशी ग्रंथांत लिहिलेलें नव्हतें. बालवाडी उघडली तरी ज्यांच्यासाठीं ती उघडली तीं मुलें येईनात. हरिजन वस्तींतील मुलें शाळेच्या उंबऱ्यापर्यंत येण्यास कचरत. तेव्हां शाळाच वस्तींत न्यावी असें ठरलें. कोणाच्या तरी घरासमोरचें सारवलेलें अंगण पाहावें, मुलें गोळा करावीं, प्रथम त्यांस न्हाऊं-माखूं घालावें, केंस विंचरावे, नखें काढावीं, आणि मग गाणें, गोष्ट, खेळ. अंगणांत भरते म्हणून अंगणवाडी. मसुऱ्याची आंगणेवाडी आणि ही अंगणवाडी यांत उच्चारापलीकडे नातें नाहीं. पहिली आंगणे मंडळींची वाडी. तरीपण कोंकणांतील माणसाला दुसरा शब्द पहिल्यानेंच ऐकतांना घरचा वाटतो, हें त्या शब्दाचें भाग्य.

१९५७ च्या सुमारास हें काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलें, आणि तेथें अडचण आणखी निराळी होती. वारली मुलगा सकाळीं गुरें घेऊन कुरणांत जातो, मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर राखते. शाळेची वेळ म्हणजे त्यांच्या कामाची वेळ. त्यांना शाळेंत न येण्याबद्दल शिक्षा करणें म्हणजे गरीब असल्याबद्दल शिक्षा करणें. येथें दोन उपाय योजले गेले. गुराख्यांसाठीं शिक्षकानेंच कुरणांत जावयाचें, ती कुरणशाळा. आणि मुलींसाठीं पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणावयाचीं, म्हणजे कडेवरचें मूल पाळणाघरांत ठेवून बहीण वर्गांत बसूं शकेल. तिला विकासवाडी हें नांव मिळालें.

माँटेसोरीबाईंचीं पॉलिश केलेलीं लांकडी साधनें येथें परवडणारीं नव्हतीं, आणि परवडलीं असतीं तरी तीं या मुलांस परकींच वाटलीं असतीं. त्यांच्या जागीं शिंपले, खडे, बिया, पानें, फुलें, माती आलीं. लहानमोठेपणा पानांवरून, खरबरीत-गुळगुळीतपणा दगडांवरून, गणती शिंपल्या-बियांवरून. येथें धडा खेळावर चिकटविलेला नव्हता. शिंपल्यांची चढती ओळ लावणें हाच खेळ आणि हेंच गणित. त्यांतून गणित वजा केलें तर खेळ उरतच नाहीं. मोक्षपटाच्या आंखणाराला जें साधलें नाहीं तें या बाईंना साधलें, आणि त्यांच्याजवळ त्याच्याइतकें रंगकाम नव्हतें. ताराबाईंना १९६२ मध्यें पद्मभूषण मिळालें. त्या १९७३ मध्यें वारल्या. अनुताई त्यांच्यानंतरहि एकोणीस वर्षें, १९९२ पर्यंत, काम करीत राहिल्या.

गंभीर विषय खेळांतून शिकविण्यास मर्यादा नाहींत, असें यावरून कोणीं समजूं नये. गणती शिंपल्यांनीं शिकवितां येते. अपूर्णांकांपर्यंतहि मजल जाते. पण ज्या विषयांत दुसऱ्याचें दुःख समजून घ्यावयाचें असतें, दुष्काळ, जातिभेद, फाळणी, तेथें जिंकणें-हरणें असलेला खेळ मांडणें धोक्याचें आहे. जिंकलेलें मूल ज्या बाजूनें जिंकलें ती बाजू खरी मानूं लागतें. अशा ठिकाणीं दशावतारी नाटकाचा मार्ग अधिक बरा. सोंग घेणारा मुलगा थोडा वेळ दुसऱ्याच्या जागीं उभा राहतो, आणि सोंग उतरल्यावर कोणी विजयी नसतो.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांतून सुरू केली आणि तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेंच नांव दिलें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तीन ते आठ वर्षांच्या वयासाठीं खेळावर आधारलेलें शिक्षण मान्य केलें, आणि फेब्रुवारी २०२३ मध्यें खेळणीं, कोडीं, बाहुल्या इत्यादिकांची 'जादुई पिटारा' नांवाची पेटीहि निघाली. पेटी चांगली आहे. मात्र ती ज्या सेविकेच्या हातीं पडते तिला मुलांचीं वजनें घ्यावयाचीं असतात, आहार शिजवून घ्यावयाचा असतो, लसीकरणाच्या दिवशीं वस्तींतून फिरावयाचें असतें आणि या सर्वांच्या नोंदी भरावयाच्या असतात. हें सर्व उरकून जो वेळ उरेल तो खेळाचा. आणि बाहेर, फाल्गुन लागला असेल तर, मोठीं मुलें बियांची ओळ मांडून बसलेलीं असतात.